खेळ चाहत्यांचा, चाल मालकाची

१९८६च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा गेम बाजारात आला. निन्टेंडोच्या या गेमच्या पहिल्या पडद्यावर मॉरिस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' ही रचना वाजवायची, असं संगीतकार कोजी कोंडो यांनी ठरवलं होतं. काम संपत आलं तेव्हा लक्षात आलं, की राव्हेल वारले १९३७च्या डिसेंबरात; म्हणजे मृत्यूनंतरची पन्नास वर्षं अजून भरायची आहेत आणि जपानी कायद्याप्रमाणे रचना अजून मोकळी झालेली नाही. कंपनीने धोका पत्करला नाही. कोंडो यांनी गेममधलीच एक चाल घेतली, तिचा विस्तार केला आणि एका दिवसात नवं शीर्षकसंगीत उभं केलं.

कॉपीराइटच्या धाकातून जन्मलेलं हे संगीत आज जगभरचे हौशी लोक आपापल्या घरगुती झेल्डामध्ये बिनदिक्कत वाजवतात. अशा गेमना फॅन गेम म्हणतात. आवडत्या गेममधली पात्रं, जग आणि नियम घेऊन चाहत्याने हौसेने बनवलेला, बहुधा फुकट वाटलेला नवा गेम. चित्रं काढायला चाहता शिकतो, प्रोग्रॅमिंगही शिकतो, पण संगीतापाशी अडतो आणि मूळ गेममधली फाइल उचलून टाकतो. खेळणाऱ्यालाही ती ओळखीची चाल कानावर पडल्याशिवाय चैन पडत नाही. हे कायद्यात बसतं का, याचं उत्तर बहुतेक देशांत 'नाही' असंच आहे. तरी हजारो फॅन गेम वर्षानुवर्षं उघड्यावर नांदताना दिसतात, आणि त्यावरून चाहते एक सोयीचा निष्कर्ष काढतात: गेमच्या कंपनीने डोळेझाक केली, म्हणजे संगीताचंही निभावलं. गोम तिथेच आहे. संगीताचा हिशेब गेमच्या हिशेबात आपोआप मिटत नाही. कित्येकदा तो कंपनीच्या हातातही नसतो.

आधी कारवाईची व्याप्ती पाहू. २०१६चा ऑगस्ट महिना फॅन गेमच्या जगात विसरला जात नाही. अर्जेंटिनातल्या एका चाहत्याने जवळजवळ दशकभर खपून 'मेट्रॉइड २' या जुन्या गेमबॉय गेमची नवी आवृत्ती बनवली, संगीतही नव्याने बांधलं आणि मालिकेच्या तिसाव्या वाढदिवशी ती फुकट खुली केली. 'एएमटूआर' या नावाने ती गाजली. लगोलग निन्टेंडोच्या नोटिशी डाउनलोडच्या दुव्यांवर पोचल्या आणि पुढच्याच महिन्यात त्याने काम थांबवलं. त्याच ऑगस्टमध्ये नऊ वर्षं खपून केलेला 'पोकेमॉन युरेनियम' पंधरा लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाला आणि वकिलांच्या पत्रांनंतर मागे घेतला गेला. सप्टेंबरात 'गेम जोल्ट' या संकेतस्थळावरचे ५६२ फॅन गेम एका फटक्यात बंद झाले. २०२१च्या जानेवारीत त्याच ठिकाणी आणखी ३७९. २०२४च्या एप्रिलमध्ये 'गॅरीज मॉड' या गेमसाठी चाहत्यांनी वीस वर्षांत चढवलेलं निन्टेंडोचं सगळं साहित्य काढून टाकायची वेळ आली.

यांतला बहुतेक माल फुकट होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. 'संगीत घेतलं' असं आपण सरसकट म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत तिथे एकावर एक दोन तरी थर असतात. पहिला थर चालीचा, म्हणजे स्वररचनेचा. दुसरा थर त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. दोन्हींचे हक्क वेगळे, मुदती वेगळ्या आणि पुष्कळदा मालकही वेगळे. मराठी माणसाला हे समजायला 'अभंग तुकयाचे' पुरेसे आहेत. तुकोबांचे शब्द साऱ्या जगाचे. त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण त्यांना श्रीनिवास खळ्यांनी लावलेल्या चाली संरक्षित आहेत. खळे २०११मध्ये गेले, त्यामुळे भारतीय कायद्याच्या साठ वर्षांच्या हिशेबाने त्या २०७१ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. लता मंगेशकरांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण हा तिसराच ऐवज, त्याचा हक्क ध्वनिमुद्रिका कंपनीकडे. वारीवर गेम बनवणाऱ्याने तुकोबांचा अभंग स्वतःच्या चालीत गाऊन घेतला तर कुणाला विचारायला नको. खळ्यांच्या चालीत गाऊन घेतला तर एका हक्कदाराला विचारायला हवं. लताबाईंचा आवाज लावला तर दोघांना.

गेममध्ये याचा सर्वांत गमतीदार नमुना म्हणजे टेट्रिस. त्याची जगप्रसिद्ध चाल 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीताची आहे. त्या गीताचे शब्द निकोलाय नेक्रासोव्ह या कवीच्या १८६१च्या कवितेतले. चाल मोकळी आहे, कुणीही वाजवावी. पण १९८९च्या गेमबॉयवर जे ऐकू येतं ते हिरोकाझु तानाका यांनी बांधलेलं संयोजन आहे, आणि संयोजनात त्यांनी स्वतःची जी भर घातली तिला संरक्षण मिळतं. म्हणजे लोकगीत उचला, पण तानाकांची खालची सुरावट आणि ठेक्याची मांडणी जशीच्या तशी उचलू नका.

जुन्या यंत्रांनी यात आणखी एक गुंता घालून ठेवला आहे. ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेममध्ये ध्वनिमुद्रण असं नव्हतंच. कोणता स्वर किती वेळ, किती जोरात वाजवायचा याच्या सूचना कॅसेटमधल्या चिपमध्ये साठवलेल्या असत आणि यंत्र ते संगीत त्या क्षणी निर्माण करी. महाराष्ट्रातल्या घराघरांत मारिओची चाल पोचली ती तशाच, बहुधा नकली यंत्रांतून. आज त्या सूचना जशाच्या तशा उपटून काढणाऱ्या फाइली चाहत्यांमध्ये फिरतात. त्यांना ध्वनिमुद्रण म्हणायचं की संगणक प्रोग्रॅमचा तुकडा, यावर वकील हवा तेवढा वेळ वाद घालू शकतील. चाहत्याच्या दृष्टीने फरक शून्य. नाव काहीही द्या, ती नक्कलच ठरते, आणि खालचा चालीचा हक्क तर शाबूत असतोच.

मग कुणी म्हणेल, फाइल नको, मी माझ्या सिंथेसायझरवर नव्याने वाजवतो. याने एक थर खरंच सुटतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ११४ स्पष्ट सांगतं, की ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याच मुद्रणापुरता. दुसऱ्याने स्वतंत्रपणे वाजवून हुबेहूब तसाच आवाज काढला तरी तो हक्क मोडत नाही. चालीचा हक्क मात्र तसाच उभा राहतो. 'एएमटूआर'चं संगीत नव्याने बांधलेलं होतं. त्याने तो वाचला नाही.

इथे 'कव्हर'चा परवाना पुढे केला जातो. अमेरिकेत कलम ११५ खाली, आधी प्रसिद्ध झालेल्या गाण्याचं स्वतःचं मुद्रण ठरावीक रॉयल्टी भरून काढता येतं. मालक नाही म्हणू शकत नाही. गेमच्या चालींची कव्हरं अशी रीतसर निघतात आणि मानही मिळवतात. २०२२ साली 'द एट-बिट बिग बँड'ने कर्बीच्या गेममधल्या 'मेटा नाइट्स रिव्हेंज' या तुकड्याच्या संयोजनासाठी ग्रॅमी पटकावलं. पण हा परवाना फक्त ऐकायच्या मुद्रणाला आहे. चित्रासोबत संगीत जोडायचं, मग तो सिनेमा असो की गेम, तर मालकाशी वेगळा करार लागतो आणि तिथे मालक सरळ नकार देऊ शकतो. भारतातही २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१सी आणलं: मूळ मुद्रणाला पाच वर्षं उलटल्यावर, निदान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरून, रचनेत फेरफार न करता कव्हर काढायची मुभा. तेही ध्वनिमुद्रणापुरतंच. गेमला त्याचा उपयोग नाही.

चाहत्यांच्या गप्पांत काही समजुती इतक्या मुरल्या आहेत, की त्या कायद्याहून जुन्या वाटाव्यात. 'मी पैसे घेत नाही' ही त्यांतली पहिली. पैसे न घेतल्याने भरपाईचा आकडा आणि न्यायाधीशाचा कल बदलू शकतो, पण उल्लंघन मिटत नाही. पोकेमॉन युरेनियम फुकटच होता. 'सगळे हक्क मूळ कंपनीचे' अशी ओळ खाली छापणं म्हणजे माल दुसऱ्याचा आहे हे लेखी कबूल करणं. 'मी गेम विकत घेतला आहे' यातून प्रत खेळायचा हक्क मिळतो, वाटायचा नाही. आणि मग ती अमर समजूत: सात सेकंद चालतात. कुणी दहा म्हणतं, कुणी तीस.

सेकंदांचा असा नियम ना अमेरिकेत आहे ना भारतात, आणि याबद्दलचा एक निवाडा थेट मुंबईचा आहे. २००८ साली 'क्रेझी ४' हा हिंदी सिनेमा झळकायच्या बेतात असताना संगीतकार राम संपत मुंबई उच्च न्यायालयात गेले. मोबाइलच्या एका जाहिरातीसाठी आपण केलेली 'द थम्प' ही काही सेकंदांची धून राजेश रोशन यांनी सिनेमाच्या गाण्यांत वापरली, असा त्यांचा दावा होता. उचललेला भाग छोटा आहे, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. तुकडा लहान असला तरी तो रचनेचा जीव असेल आणि ऐकणाऱ्याला मूळ रचना आठवत असेल, तर प्रथमदर्शनी ती नक्कल. गाणी काढल्याशिवाय सिनेमा दाखवू नका असा हुकूम झाला आणि प्रकरण दोन कोटी रुपयांच्या तडजोडीवर मिटल्याच्या बातम्या आल्या. फॅन गेममध्ये चाल घेतली जाते ती नेमकी ओळखू यावी म्हणूनच. त्यामुळे 'थोडीशीच घेतली' हा बचाव तिथे उलट अंगावर येतो.

बचावाची खरी आशा एकाच शब्दावर टांगलेली असते: 'फेअर यूज'. अमेरिकी कायद्याचं कलम १०७ न्यायाधीशाला चार कसोट्या देतं: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. १९९४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटाच्या बाजूने कौल दिला, तेव्हा चाहत्यांना मोठा दिलासा वाटला. गटाने रॉय ऑर्बिसनच्या गाण्याचं विडंबन केलं होतं आणि ते विकलंही होतं; न्यायालय म्हणालं, विकलं म्हणून ते आपोआप बेकायदा ठरत नाही. पण तिथे मूळ गाण्याचीच टर उडवलेली होती. घरगुती झेल्डामध्ये झेल्डाची चाल वाजते ती झेल्डासारखं वाटावं म्हणून. २०२३मध्ये अँडी वॉरहॉलच्या चित्राच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ही वाट आणखी चिंचोळी केली: नवा वापर मूळ कृतीच्याच कामासाठी होत असेल, तर नुसती वेगळी छटा दिल्याने भागत नाही. गेमचं पार्श्वसंगीत गेमचं पार्श्वसंगीत म्हणूनच वापरायचं, याहून 'तेच काम' दुसरं कोणतं असणार? फॅन गेमचा वकील चांगला असेल तर तो संगीताचा मुद्दा शेवटाकडे ढकलेल आणि वेळ पडली तर सोडूनही देईल.

युरोपात विडंबन आणि 'पास्टिश' यांना अपवाद आहेत, आणि क्राफ्टवेर्क या जर्मन गटाच्या दोन सेकंदांच्या नमुन्यावरून चाललेल्या खटल्याने तिथे पिढी खाल्ली. २०१९मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की उचललेला तुकडा कानाला ओळखू येत नसेल तर उल्लंघन नाही. ओळखू न येणारी मारिओची चाल घेऊन चाहता काय करणार, हा भाग वेगळा.

भारताची चौकट तर आणखी अरुंद. १९५७च्या कायद्यातलं कलम ५२ 'फेअर डीलिंग'ला जागा देतं ती खासगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन एवढ्यांनाच. विडंबनाचं नावसुद्धा तिथे नाही. घरच्या संगणकावर स्वतःपुरता गेम बनवून त्यात झेल्डाची चाल वाजवली तर खासगी वापर म्हणता येईल. इंटरनेटवर चढवला की ती सावली संपली.

आता त्या कप्प्याकडे, ज्याकडे चाहत्यांचं सर्वांत कमी लक्ष जातं: संगीताचा मालक नेमका कोण? कोजी कोंडो निन्टेंडोचे नोकर म्हणून चाली बांधत होते, त्यामुळे त्या कंपनीच्या. तिथे गेमचा आणि संगीताचा मालक एकच. पण ही सार्वत्रिक गोष्ट नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे संगीतकार कोइची सुगियामा यांनी आपल्या चालींचे हक्क आयुष्यभर स्वतःकडे राखले आणि ते जपानच्या जासरॅक या संस्थेमार्फत सांभाळले. २०२१मध्ये ते वारले. गेम स्क्वेअर एनिक्सचा, चाली सुगियामांच्या. 'माइनक्राफ्ट'ची कथा तशीच. मायक्रोसॉफ्टने २०१४मध्ये अडीच अब्ज डॉलर मोजून मोजांग कंपनी घेतली, पण 'सी४१८' या नावाने काम करणाऱ्या जर्मन संगीतकाराचं सुरुवातीचं संगीत त्याच्याच मालकीचं राहिलं. 'स्ट्रीट्स ऑफ रेज' सुरू होतो तेव्हा पहिल्याच पडद्यावर सेगासोबत युझो कोशिरो यांचं नाव झळकतं. अशा गेमचा फॅन गेम करणाऱ्याला कंपनीने उद्या लेखी परवानगी दिली, तरी संगीतापुरता तो कागद अपुरा ठरू शकतो.

कंपन्यांना स्वतःला याचे चटके बसले आहेत. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'मधल्या गाण्यांचे परवाने दहा वर्षांनी संपले, तेव्हा २०१८च्या एप्रिलमध्ये रॉकस्टारने अपडेट काढून ती गाणी उतरवली. गेमच्या आतलं 'व्लादिव्होस्तोक एफएम' हे रेडिओ स्टेशन जवळजवळ पुरतं बदललं. ज्यांनी पैसे देऊन गेम घेतला होता त्यांचीही गाणी गेली. 'अॅलन वेक' हा गेम तर संगीताच्या परवान्यांपायी २०१७ ते २०१८ विक्रीतूनच बाहेर होता. पण सर्वांत बोलका दाखला 'सॉनिक ३'चा. १९९४च्या या गेमच्या संगीतात मायकल जॅक्सनच्या चमूचा हात होता, हे वर्षानुवर्षं कुजबुजीच्या स्वरात सांगितलं जाई. २०२२मध्ये सेगाने जुने सॉनिक एकत्र करून 'सॉनिक ओरिजिन्स' काढला, तेव्हा सॉनिक ३मधले काही नावाजलेले तुकडे गायब होते आणि त्यांच्या जागी प्रसिद्धीपूर्व नमुन्यातलं संगीत होतं. सॉनिकच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या युजी नाका यांनी तेव्हा जॅक्सनचं नाव उघड घेतलं. सेगाला आपल्याच गेममधलं जे संगीत वाजवता आलं नाही, ते फॅन गेमवाले मात्र खुशाल वाजवत राहतात, आणि सेगा फॅन गेमना उदार आहे म्हणून निर्धास्त असतात.

सेगाचा हा उदारपणाही सरसकट नाही. २०११च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या एका गटाने आठ वर्षं खपून 'स्ट्रीट्स ऑफ रेज रीमेक' पुरा केला. काही दिवसांतच सेगाने तो उतरवायला लावला. त्याच सेगाने पुढे सॉनिकच्या चाहत्यांना पगारी काम देऊन २०१७मध्ये 'सॉनिक मेनिया' काढला. त्याचं संगीत केलं टी लोपेस यांनी, जे आधी सॉनिकच्या चालींची संयोजनं इंटरनेटवर टाकत असत. कॅपकॉमने २०१२मध्ये सिंगापूरच्या एका चाहत्याचा 'स्ट्रीट फायटर एक्स मेगा मॅन' आपल्या पंखाखाली घेऊन स्वतः फुकट वाटला. २००८च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो एचडी रीमिक्स'साठी तर 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' या हौशी संयोजकांच्या मंडळाकडूनच संगीत करून घेतलं. याच मंडळाने २०१२मध्ये 'फायनल फँटसी ६'च्या चालींच्या अल्बमसाठी लोकवर्गणी सुरू केली, तेव्हा स्क्वेअर एनिक्सने ते पान बंद पाडलं. बोलणी झाली, मोहीम पुन्हा सुरू झाली आणि २०१३मध्ये अल्बम रीतसर निघाला. तीच स्क्वेअर एनिक्स २००९मध्ये 'क्रोनो ट्रिगर'च्या 'क्रिमझन एकोज' या फॅन गेमला, तो पुरा होत आलेला असताना, थांबवून मोकळी झाली होती. म्हणजे कायदा तोच राहतो, मर्जी बदलते.

जपानमध्ये या मर्जीला कायद्याचाच थोडा आधार आहे. तिथे कॉपीराइटचा फौजदारी खटला परंपरेने हक्कदाराच्या तक्रारीवरच उभा राहतो. २०१८ अखेर व्यापार कराराच्या निमित्ताने हा नियम काहीसा सैल झाला, तेव्हाही हौशी लोकांच्या अनुकृतींना जुनंच संरक्षण ठेवलं गेलं. मालक गप्प राहिला की सरकारही गप्प. 'तोहो' मालिकेचा कर्ता झुन याने तर लेखी नियमच जाहीर केले: चालींची नवी संयोजनं करा, पात्रं घेऊन गेम बनवा, मात्र मूळ गेममधून फाइली काढून वापरू नका. १९९८च्या गेममधल्या 'बॅड अॅपल'ची हौशी आवृत्ती आणि तिची सावल्यांची चित्रफीत जगभर पोचली ती याच मोकळिकीतून. चाल द्यायची आणि फाइल राखायची, ही त्याची रेषा वकिलांनी आखलेल्या पुष्कळ रेषांपेक्षा समंजस आहे.

न्यायालयापर्यंत ही प्रकरणं सहसा पोचत नाहीत, याचं कारण नोटिशीच्या यंत्रणेत आहे. अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए कायद्याने संकेतस्थळांना सवलत दिली: हक्कदाराची तक्रार आल्यावर लगेच माल उतरवा, म्हणजे तुमच्यावर जबाबदारी नाही. संकेतस्थळ वाद घालत बसत नाही. चाहता उलट नोटीस देऊ शकतो आणि हक्कदाराने दावा लावला नाही तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत माल परत येतो. पण उलट नोटिशीत स्वतःचं नाव, पत्ता आणि अमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. समोर भरपाईचा आकडा असतो: प्रत्येक कृतीमागे साडेसातशे ते तीस हजार डॉलर, मुद्दाम केलं असेल तर दीड लाखापर्यंत. गेममध्ये उचललेले वीस तुकडे असतील तर गुणाकार ज्याचा त्याने करावा. २०१९मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने 'मारिओ रोयाल' नावाचा ऑनलाइन गेम काढला, नोटीस येताच चित्रं आणि संगीत बदललं आणि टोमणा म्हणून 'डीएमसीए रोयाल' असं नाव दिलं. तरीही तो उतरवावा लागला. संगीत बदलल्याने गेम वाचतोच असं नाही, एवढं त्यातून कळतं.

पळवाट म्हणून एक तंत्र मात्र रुळलं आहे. गेम वाटायचा, पण त्यात मूळ चित्रं-संगीत घालायचंच नाही. खेळणाऱ्याने स्वतःकडची मूळ गेमची प्रत द्यावी आणि प्रोग्रॅमने तिच्यातून ते काढून घ्यावं. 'ओकारिना ऑफ टाइम'चं २०२२मधलं 'शिप ऑफ हार्किनियन' हे हौशी संगणकरूप असंच चालतं. वाटणाऱ्याच्या हातून नक्कल होत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पूर्ण अभय मात्र नाही. 'ड्यूक न्यूकेम ३डी'च्या चाहत्यांनी बनवलेल्या नव्या पातळ्या गोळा करून एका कंपनीने विकल्या. त्या फाइलींमध्ये मूळ चित्रं वा आवाज नव्हते, फक्त त्यांना हाक मारणाऱ्या सूचना होत्या. तरी १९९८मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने त्यांना मूळ गेमचा अनधिकृत पुढचा भाग ठरवलं. आणि मूळ कंपनीही या वाटेला नेहमी मान डोलावत नाही. २०१८मध्ये 'फॉलआउट ३' हा गेम 'फॉलआउट ४'च्या यंत्रणेत आणू पाहणाऱ्या 'कॅपिटल वेस्टलँड' गटाला मूळ संवादांचं ध्वनिमुद्रण वापरायचं होतं. बेथेस्डाने कॉपीराइटची अडचण दाखवल्यावर काम थांबलं. पुढे नव्या आवाजात मुद्रण करायचं ठरवून ते पुन्हा हाती घेतलं गेलं.

टिकून राहिलेल्या फॅन गेमकडे पाहिलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणांनी संगीत स्वतःचं केलेलं दिसतं. 'हाफ-लाइफ'चं चाहत्यांनी केलेलं नवं रूप 'ब्लॅक मेसा' व्हॉल्व्हच्या संमतीने विकायला आलं आणि २०२०मध्ये पूर्ण झालं; त्याचं संगीत जोएल नील्सन यांनी नव्याने रचलं. 'डूम'ची मूळ प्रोग्रॅमसंहिता १९९७मध्ये खुली झाली, तेव्हा आवाजाची यंत्रणा दुसऱ्याच्या मालकीची असल्याने ती वगळावी लागली. चित्रं आणि संगीत तर खुलं झालंच नाही. मग 'फ्रीडूम' नावाच्या प्रकल्पाने सगळी चित्रं, सगळे आवाज आणि सगळं संगीत नव्याने करून मोकळ्या परवान्यावर दिलं. आणि टोबी फॉक्स. २००८मध्ये त्याने निन्टेंडोच्या 'अर्थबाउंड'ची मोडतोड करून एक हौशी गेम केला आणि त्यात 'मेगालोव्हेनिया' ही स्वतः रचलेली धून घातली. गेम निन्टेंडोचा असला तरी धून त्याची होती, म्हणून तो ती २०१५च्या आपल्या 'अंडरटेल'मध्ये घेऊन जाऊ शकला. २०१९मध्ये खुद्द निन्टेंडोने ती 'स्मॅश ब्रदर्स'मध्ये घेतली, त्याच्या परवानगीने.

महाराष्ट्रातून असा गेम इंटरनेटवर चढवणाऱ्याला पहिली नोटीस बहुधा अमेरिकी संकेतस्थळामार्फतच येणार, कारण गेम वाटण्याची मोठी ठिकाणं तिकडचीच. पण बर्न करारामुळे जपानी चालींना भारतातही देशी चालींइतकंच संरक्षण आहे. इथे तक्रार आली की मध्यस्थाने एकवीस दिवस माल रोखायचा. तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. अमेरिकेपेक्षा ही तरतूद चाहत्याला थोडी सोयीची. गैरसोयीचं आहे ते कलम ६३. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. उल्लंघन व्यापारी फायद्यासाठी नसेल तर किमान शिक्षेहून कमी शिक्षा देता येते, पण त्याची कारणं न्यायाधीशाला निकालपत्रात नोंदवावी लागतात.